'मोडकी' म्हणजे कोणी मोडलेली?

रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथले ख्रिस्ती लोक घरात जी भाषा बोलतात तिला ते 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बाहेरचे तिला 'मोडकी पोर्तुगीज' म्हणून मोकळे होतात. माझे भांडण या 'मोडकी'शी आहे.

१७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज सत्ता गेली, भाषा राहिली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ च्या पुस्तकात तिची घडण बारकाईने उलगडली आहे. समाजेतिहास त्यात आहेच, पण पुस्तकाचा जीव व्याकरणात आहे. शब्द बहुतेक पोर्तुगीज, वाक्य मात्र मराठी वळणाचे, क्रियापद शेवटी. पोर्तुगीजमध्ये ते कर्माच्या आधी येते. म्हणजे मराठीच्या शेजाराने या भाषेला मोडले नाही, घडवले.

अनुवादक म्हणून मला इथे वेगळीच पंचाईत दिसते. पोर्तुगीज वाक्य मराठीत आणताना ते उलटेपालटे करावे लागते, आणि त्या ओढाताणीतच दोन भाषांमधले अंतर कळते. कोर्लईच्या वाक्याचा क्रम फिरवावा लागत नाही. शब्द बदलले की झाले! अनुवाद इतका सहज होतो की मूळ भाषा दिसेनाशी होते.

धर्माच्या वेगळेपणामुळे ती टिकली, असे क्लेमेंट्स मानतात. ते मला पटते. पण आता शाळा मराठी, चर्चमधली प्रार्थनाही मराठी. बोलणारे हजाराच्या आसपास, आणि जनगणनेचे तक्ते दहा हजारांखालच्या भाषा वेगळ्या दाखवत नाहीत.

मी राहते ते चंडीगढ १९५० च्या दशकात पुआधी बोलणाऱ्या गावांच्या जमिनीवर उभे राहिले. इथली राजभाषा इंग्रजी. पुआधीला शेजारीपाजारी 'गावठी पंजाबी' म्हणतात. (पुआधी क्रेओल नव्हे, पण हेटाळणीचा सूर ओळखीचा आहे.)

मॉरिशसमधल्या मराठी वंशाच्या अनेक घरांत क्रेओल बोलतात आणि मराठी शाळेत शिकतात. २०१२ पासून तिथल्या प्राथमिक शाळांत क्रेओलही ऐच्छिक विषय आहे. कोर्लईत असे करायचे ठरले, तर लिपीचा वाद घालत बसायला नको. देवनागरी मुलांना मराठी शाळेने आधीच शिकवली आहे.