गैरहजर प्राध्यापक दामले

गेल्या हिवाळ्यात आमच्या चंदीगडच्या मराठी मंडळींनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा प्रयोग केला. प्रयोग हौशी होता. हिशेब खात्यातले, बँकेतले व लष्करी कचेरीतले लोक रविवारी रविवारी जमून तालमी करीत होते. परप्रांतात मराठी नाटक पाहावयास मिळणे हाच एक सण असल्यामुळे प्रेक्षकांनीही गुणदोषांचा काथ्याकूट केला नाही. बेणारेबाईंचे काम करणाऱ्या भगिनींनी शेवटचे स्वगत इतक्या मनापासून म्हटले की सभागृहातली कुजबूज थांबली. पुढे चहाच्या वेळी जो तो त्या स्वगताविषयीच बोलत होता. इतक्यात एका सेवानिवृत्त गृहस्थांनी विचारले, “सगळे उत्तम झाले, पण ते दामले होते कोठे?” मंडळी हसली. आम्हीही हसलो. घरी परतताना मात्र आमच्या ध्यानात आले की, या नाटकासंबंधी विचारण्याजोगा सर्वांत गंभीर प्रश्न तोच होता व आम्ही तो हसण्यावारी नेला होता.

विजय तेंडुलकरांचे हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ च्या डिसेंबरात प्रथम रंगभूमीवर आणले. अरविंद देशपांडे यांनी ते बसविले होते व सुलभा देशपांडे यांची बेणारे गाजली. कथानक वाचकांस परिचित आहे. मुंबईची एक हौशी संस्था एका गावी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करावयास जाते. रात्रीच्या कार्यक्रमापूर्वी वेळ घालविण्यासाठी मंडळी लुटुपुटीचा खटला उभा करतात व लीला बेणारे या शिक्षिकेस भ्रूणहत्येच्या आरोपाखाली पिंजऱ्यात घालतात. पाहता पाहता खेळ संपतो आणि शिकार सुरू होते. बाई अविवाहित असून गरोदर आहे व त्यास कारण झालेले गृहस्थ म्हणजे याच संस्थेचे सभासद प्राध्यापक दामले, हे उघड होते. ते विवाहित आहेत, मुलाबाळांचे धनी आहेत. आणि ते आज आलेले नाहीत.

या नाटकावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मध्यमवर्गाचा दांभिकपणा, समूहाची क्रूरता, एकाकी स्त्रीची घुसमट ही त्याची नित्याची सूत्रे होत. ती चुकीची नाहीत. परंतु अपुरी आहेत असे आम्हांस वाटते. कारण ती सर्व पिंजऱ्यात उभ्या असलेल्या व्यक्तीकडे पाहून सुचलेली आहेत. पिंजऱ्यात जो नाही त्याच्याकडे पाहिले म्हणजे नाटककाराचे खरे कौशल्य दिसते. दामले हे या अभिरूप न्यायालयात एरवी आरोपीचे वकील असतात. ज्याने बाईची बाजू मांडावयाची तोच तिच्या आपत्तीचे कारण आहे व तोच गैरहजर आहे. त्याच्या जागी सुखात्मे दोन्ही बाजूंचे वकीलपत्र घेतात, म्हणजे बचाव हा फिर्यादीचाच एक भाग होऊन बसतो. न्यायाधीशाच्या खुर्चीवरील काशीकर मध्येच उठून साक्षीदाराच्या जागी जातात. न्यायदानाचे सारे नियम एकामागून एक मोडले जातात. एक नियम मात्र शेवटपर्यंत पाळला जातो. दामल्यांना कोणी बोलावीत नाही. त्यांचे नाव घेतले जाते ते बाईच्या विरुद्ध पुरावा म्हणून. प्रतिवादी म्हणून नव्हे. कोवळ्या वयात तिला नादी लावणारा तिचा मामाही असाच तिच्या बोलण्यापुरता येऊन जातो. दोन पुरुष, दोन अपराध, आणि समन्स एकालाही नाही!

येथे आम्हांस सत्तेचे एक लक्षण सापडते. सत्ता म्हणजे केवळ पद, पैसा किंवा दंडुका नव्हे. ज्याच्या गैरहजेरीबद्दल कोणी विचारीत नाही तो सत्तावान. या व्याख्येने पाहिले तर साधा प्राध्यापक दामलेही त्या खोलीतला सर्वांत बलवान मनुष्य ठरतो.

आता एक कारकुनी शंका. सुखात्मे वकील आहेत. वकिली चालत नसली तरी कायद्याची पुस्तके त्यांनी चाळलेली असणार. १९६७ साली या देशात १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती. तिच्या ४८८ व्या कलमान्वये ऐपत असूनही आपल्या अपत्याचे पोषण टाळणाऱ्या बापाकडून दरमहा पोटगी वसूल करण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देऊ शकत होता. आणि ते अपत्य औरस असो की अनौरस, कलमाने भेद केलेला नव्हता. १९५५ च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम महिना ५०० रुपयांपर्यंत जाऊ शकत होती. बेणारेबाईंचे मूल जन्मास आले असते तर दामल्यांच्या पगारावर त्याचा हक्क सांगता आला असता. ही तरतूद पुढे १९७३ च्या संहितेत १२५ व्या कलमात गेली, २००१ साली ५०० रुपयांची मर्यादा उठली, आणि १ जुलै २०२४ पासून ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. तात्पर्य, ज्या रात्री त्या खोलीत मुलाच्या नाशाची शिक्षा फर्माविली गेली, त्याही रात्री देशाच्या कायद्यात त्या मुलाच्या भाकरीची सोय लिहिलेली होती. ते कोणाच्याही तोंडी आले नाही. स्वतः बेणारेबाईंनाही सुटकेचा एकच मार्ग दिसतो : कोणाचे तरी नाव मुलास लावून घेणे. त्यासाठी त्या याला त्याला विनवतात.

नाटक म्हणजे कायद्याचे मार्गदर्शक पुस्तक नव्हे, असा आक्षेप येथे येईल. तो आम्हांस मान्य आहे. तेंडुलकरांनी ४८८ वे कलम रंगभूमीवर आणावयास हवे होते असे आम्ही म्हणत नाही. ते आले असते तर नाटक कोसळले असते. आमचे म्हणणे वेगळे आहे. या मंडळींना न्यायालयाची अर्धीच भाषा येते. आरोप, साक्ष, शपथ, शिक्षा हे शब्द त्यांच्या जिभेवर खेळतात. दावा, भरपाई, वसुली, पोटगी हे शब्द त्यांना ठाऊकच नसावेत असे ते बोलतात. आणि हा दोष केवळ पात्रांचा नाही. आमच्या रंगभूमीलाही शिक्षेचे नाट्य दिसते, उपायाचे दिसत नाही. त्याच लेखकाच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) लोकांचा क्षोभ शेवटी घाशीरामावर कोसळतो व नाना फडणीस जागच्या जागी राहतो. प्रेक्षकांस न्याय झाल्यासारखे वाटते; परंतु ज्याने गौरीला भोगले त्याच्या केसालाही धक्का लागलेला नसतो. शिक्षा झाली, जबाबदारी झाली नाही. या दोहोंतील अंतर तेंडुलकरांनी जितके ओळखले तितके त्यांच्या टीकाकारांनी ओळखलेले दिसत नाही.

हे अंतर कळावे म्हणून आम्ही वाचकांस एक निराळा मजकूर सुचवितो. तो नाटक नव्हे, न्यायनिर्णय आहे, आणि त्याची घटना आम्ही राहतो त्याच शहरात घडली. १८ जुलै १९८८ रोजी चंदीगडात एका ज्येष्ठ अधिकाऱ्याच्या घरी मेजवानी होती. तेथे पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी रूपन देओल बजाज या भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी बाईंशी असभ्य वर्तन केले. दहशतवादाचे दिवस होते. गिल यांच्याकडे राज्याचे संरक्षक म्हणून पाहिले जात होते. वरिष्ठांकडे दाद मागून काही झाले नाही, तेव्हा बाईंनी २९ जुलैस पोलिसांत फिर्याद दिली. मे १९८९ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारणांमध्ये भारतीय दंड संहितेचे ९५ वे कलम होते. समंजस मनुष्य ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक इजा म्हणजे अपराध नव्हे, असे ते कलम सांगत असे. सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर १९९५ रोजी हा निर्णय फिरविला. स्त्रीच्या विनयाचा भंग ही क्षुल्लक बाब होऊ शकत नाही असे ठरवून खटला पुढे चालविण्यास सांगितले. १९९६ च्या जानेवारीत गिल दोषी ठरले. अपिलांची मालिका संपून २००५ च्या जुलैत दोषसिद्धी कायम झाली. कारावास मात्र राहिला नाही, त्याची जागा परिवीक्षेने घेतली. बाईंना दोन लक्ष रुपये देण्याचा हुकूम झाला होता. ते त्यांनी स्वीकारले नाहीत व न्यायालयाने ती रक्कम स्त्रियांच्या संस्थांकडे वळविली.

साहित्याच्या वाचकाने या हकीकतीत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ‘क्षुल्लक’ हा शब्द. तेंडुलकरांच्या खोलीत सारे जण पुनः पुन्हा सांगतात की हा खेळ आहे, मनावर घेऊ नये. ९५ वे कलम पुढे करणाराही तेच म्हणत होता. बलवानाचा पहिला बचाव ‘मी केले नाही’ हा नसतो. ‘त्यात काय एवढे?’ हा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे काळ. फिर्यादी बाई उच्च पदावर होत्या, कायदा जाणणाऱ्या होत्या; तरीही शेवटचा शब्द ऐकण्यास त्यांना १७ वर्षे लागली. मग ज्या स्त्रीपाशी पद नाही तिचे काय? राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात साथिन होत्या. बालविवाह रोखण्याच्या कामावरून १९९२ साली त्यांच्यावर अत्याचार झाला व १९९५ साली जयपूरच्या न्यायालयाने आरोपींस बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. त्यांच्या प्रकरणामुळे १९९७ साली ‘विशाखा’ निर्णय झाला आणि पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. उपाय इतरांस मिळाला. जिच्यामुळे मिळाला तिची झोळी भरली नाही.

या २०१३ च्या कायद्याचे १५ वे कलम आम्ही आमच्या वाचकांस मुद्दाम वाचावयास सांगू. भरपाई ठरविताना काय काय मोजावे ते तेथे सांगितले आहे : मनास झालेला क्लेश, नोकरीत हुकलेली संधी, औषधोपचाराचा खर्च, अपराध्याची ऐपत, आणि रक्कम एकदम द्यावी की हप्त्याने. ही रक्कम त्याच्या पगारातून कापता येते. न भरल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. रसिकांस ही भाषा रुक्ष वाटेल. आम्हांस ती बेणारेबाईंच्या स्वगताचे राहून गेलेले उत्तर वाटते. त्या स्वगतात बाई जे जे हरवले म्हणतात, त्यातले काही तरी येथे प्रथमच कोणी तरी कागदावर मोजावयास बसले आहे. अब्रूची किंमत पैशात होते काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. होत नाही. परंतु भरपाई ही अब्रूची किंमत नसतेच. ती अपराध्याच्या नावे पडलेली खर्चाची नोंद असते. म्हणूनच सरकारने आपल्या निधीतून मदत द्यावी आणि अपराध्याने आपल्या खिशातून द्यावे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीत दया आहे व तीही हवी. दुसरीत दामल्यांना समन्स आहे.

परंतु समन्स काढणारे हातही माणसांचेच असतात, आणि येथे आम्हांस स्वतःकडे वळणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या गावी, दुसऱ्या कचेरीत होतो. तेथील एका सहकारी भगिनीने एका वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली. समितीचे टपाल आमच्या मेजावरून जात असे. पहिल्या बैठकीस वरिष्ठ रजेवर होते. दुसऱ्या बैठकीस दौऱ्यावर होते. दरम्यान त्या भगिनीच्या वागण्याची, कपड्यांची, घरच्या भांडणांची चर्चा चहाच्या वेळी रंगू लागली. आम्ही त्या चर्चेत बोललो नाही, पण उठूनही गेलो नाही. एके दिवशी जिन्यात वरिष्ठांनी त्या भगिनीस काय म्हटले ते आम्ही आमच्या कानांनी ऐकले होते. साक्षीस कोणी बोलाविले नाही, आणि आपण होऊनही आम्ही गेलो नाही. शेवटी तिची बदली झाली. हुकुमात ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असे शब्द होते. तो हुकूम आम्हीच टंकलिखित केला.

नाटकात रोकडे नावाचा एक तरुण आहे. काशीकरांच्या अन्नावर वाढलेला, त्यांच्या धाकात वावरणारा. तो दुष्ट नाही. सांगितले तेवढे बोलतो व विचारले नाही ते गिळतो. प्रेक्षकांना त्याची कीव येते किंवा हसू येते. प्रयोगाच्या रात्री आम्हांस दोन्ही आले नाही. आम्ही खाली पाहिले. दामल्यांची गैरहजेरी दामले एकटे घडवीत नाहीत. हजेरीपट समोर असून जे तेथे खूण करीत नाहीत, ते ती घडवितात.

परप्रांतात विखुरलेल्या आम्हां मराठी नोकरदारांच्या हातून रोज कोणाच्या ना कोणाच्या अर्जाचा कागद पुढे सरकतो अथवा अडतो. त्या अर्थाने या मासिकाचे वाचक त्या अभिरूप न्यायालयाचे केवळ प्रेक्षक नाहीत, त्याचे कर्मचारी आहेत. तेंडुलकरांचे हे नाटक पुढेही ठिकठिकाणची मंडळे करीत राहतील, व तशी ती करावीत. प्रयोगानंतर चहाच्या वेळी कोणी पुन्हा विचारले की दामले होते कोठे, तर हसू नये, एवढीच आमची विनंती आहे.