दयेचा हिशेब

आमच्या वाङ्मयानें प्रेमाला जागा दिली ती देवघरांत, माजघरांत आणि फार तर अंगणांत. ओसरीवर, जेथें पायल्या मोजल्या जातात व खतावणी उघडते, तेथें प्रेमाला आमच्या लेखकांनीं क्वचितच बसूं दिलें. ओसरीवर बसतो तो सावकार. आणि मराठी कथेंतला सावकार कसा असतो, हें वाचकांस सांगावयास नको. व्यवहारांत दया आणावयाची म्हणजे घेणें सोडून द्यावयाचें, याहून दुसरी वाट आमच्या लेखकांस सहसा सुचत नाहीं. दया आणि हिशेब यांचें हाडवैर आहे असें जणूं ठरूनच गेलें आहे. या समजुतीस आमचा आक्षेप आहे.

घेणें सोडून देण्याचें सर्वांत थोर उदाहरण अर्थात् तुकोबांचें. घरीं महाजनकी, दुकान आणि सावकारी. दुष्काळानें घर धुवून नेलें. पुढें कर्जखतें इंद्रायणीच्या डोहांत गेलीं. महिपतीनें सांगितलेली ही कथा ऐकतच आपण सर्व वाढलों. परंतु तींतील एक गोष्ट सांगणारे बहुधा घाईनें उरकतात. खतें बुडविण्यापूर्वीं त्यांची वांटणी झाली. धाकटे बंधु कान्होबा यांचा अर्धा वांटा त्यांस मिळाला, आणि तुकोबांनीं पाण्यांत सोडलीं तीं आपल्याच वाट्याचीं खतें. कथेचें मर्म आम्हांस येथें दिसतें. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणें फार सोपें असतें; सभासंमेलनांतील बरेचसें औदार्य याच जातीचें. तुकोबांचें तसें नव्हतें. विरक्तीच्या त्या क्षणींही त्यांनीं भावाचा हिशेब चोख केला, आणि दया केली ती स्वतःच्या पदरची.

साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकांत प्रेमाचा झरा अखंड वाहतो, पण तो उंबरठ्याच्या आंत. कर्जाच्या वसुलीसाठीं माणूस दाराशीं येतो तेव्हां ती माउली अपमानानें जळते आणि वाचकही तिच्याबरोबर जळतो. हें चित्र खरें आहे, आणि त्याची धार अजून गेलेली नाहीं. तरी पुस्तक मिटल्यावर मनांत उरते ती घरांतली माया आणि दारांतली क्रूरता. पैसे मागण्याची एखादी सभ्य रीत असूं शकेल, हा प्रश्न वाचकाच्या मनांत उभाच राहत नाहीं.

तो प्रश्न नेरळ-कर्जतच्या भातखाचरांत मात्र प्रत्यक्ष उभा राहिला होता. नेरळहून माथेरानास जाणारी छोटी आगगाडी १९०७ पासून मुंबईकरांस थंड हवेसाठीं वर नेत आली आहे. पावसाळ्यांत घाटांतली ती गाडी बहुधा बंद असते. आणि खालच्या गांवांत चुली बंद पडण्याचे दिवसही नेमके तेच असत. आषाढ लागला कीं कणगी रिकामी, लावणी तर समोर, आणि पोटाला कांहीं हवें. तेव्हां भात उसनें आणावयाचें तें सवाईनें किंवा दिढीनें. दिढी म्हणजे आषाढांत घेतलेली पायली मार्गशीर्षांत दीड पायली होऊन परत जावयाची. पांच महिन्यांत अर्ध्याची वाढ. सुगीला भाताचा भाव उतरलेला असतो, म्हणून वाढावा हवाच, असें सावकाराचें म्हणणें असे, आणि तें अगदींच पोकळ नव्हतें. पण एक पीक बुडालें कीं दिढीवर दिढी चढे, आणि शेवटीं मापांत जमीनच पडे.

माथेरानच्या एका नाभिक कुटुंबांत १९१२ सालीं जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल वकील झाले व याच शेतकऱ्यांच्या बाजूनें उभे राहिले. वकिलानें कोर्टांत भांडावें हें ठीकच. त्यांनीं याखेरीज धान्याचीं कोठारें काढलीं, कीं अडल्या वेळीं शेतकऱ्यास सावकाराच्या ओसरीवर जावें लागूं नये. आम्हांस ही गोष्ट फार मोठी वाटते. त्यांनीं नुसता शिधा वांटला असता तर दोन दिवसांची भूक भागली असती, आणि घेणाऱ्याची मान खालीं गेली असती. कोठारांतून नेणारा सुगीनंतर परत आणून घालतो. त्याचें परत आलेलें भात पुढच्या आषाढांत शेजाऱ्याच्या चुलीवर शिजतें. म्हणून येथें माप हवें, वही हवी, मुदत हवी. हिशेब ढिला पडला तर शेजाऱ्याचेंच पोट मारलें जाणार. अशा ठिकाणीं दया वहीच्या बाहेर राहूंच शकत नाहीं.

पुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. १९४२ च्या चळवळींत ‘आझाद दस्ता’, विजेच्या तारांचे पाडलेले मनोरे, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर भाई कोतवाल व नेरळजवळच्या मानिवलीचे हिराजी पाटील यांचें बलिदान. त्या पहाटेचें वर्णन करतांना लेखणीला आपोआप स्फुरण चढतें, आणि तें चढावेंच. पण कोठारांची गोष्ट ‘समाजकार्यही केलें’ एवढ्या चार शब्दांत आटोपते, याचें आम्हांस वाईट वाटतें. मरणाची एक पहाट रंगविणें लेखकास सोपें जातें. वर्षामागून वर्ष, त्याच दारांत, त्याच मापानें भात मोजणाऱ्या माणसाचें प्रेम कसें रंगवावयाचें, याची आमच्या गद्याला संवयच नाहीं. तें प्रेम आहे असेंही त्यास वाटत नाहीं.

कोतवालांवर यापुढें जो लिहील त्यानें सिद्धगड चढण्यापूर्वीं त्या कोठाराच्या दारांत थोडें थांबावें. ज्याचें पीक बुडालें त्याला काय सांगितलें जाई? ऐपत असून जो टाळाटाळ करी त्याच्याशीं बोलणें कसें होई? आणि आषाढांत भिजत आलेल्या माणसाच्या टोपलींत भात घालतांना पायली कांठोकांठ भरत, कीं वर शीग लावीत?