कुंभदासीशी कोण बोललं?

आमचे रसिक सांगतात, वात्स्यायनाचं कामसूत्र म्हणजे प्रणयाचा नि सभ्य बोलण्याचा धडा. सुमारे १७०० वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ मी सलग वाचला. नागरकानं गोष्ठीत कसं बोलावं? फार संस्कृत नको, फार देशीही नको. नव्या नवरीशी? तीन रात्री जमिनीवर झोप, अळणी जेवण, संबंध नाही. मग विडा, गोड शब्द, आर्जव, वेळ पडली तर तिचे पाय धरणं. ती बोलेना, तर नुसती मान हलवली तरी उत्तर धरायचं. बाईची जात फुलासारखी, जबरदस्ती नको. वाचून बरं वाटलं, खोटं का बोलू.

पण दुसऱ्या अधिकरणाच्या दहाव्या अध्यायात पाणी भरणारी कुंभदासी येते. तिच्याशी गरजेपुरतं उरकायचं, तिथं उपचार पाळायचे नाहीत. सरळ तसं सूत्रच आहे! पाचव्या अधिकरणात गावच्या अधिकाऱ्याला गावातल्या बाया नुसत्या शब्दानं मिळतात. कुठं? विष्टीच्या कामावर, कोठारात, शेतात, सूत देता-घेताना. विष्टी म्हणजे आपली वेठ. वेठीला धरलेली बाई त्या 'शब्दा'ला नाही कशी म्हणणार? याला वात्स्यायन मिळणं म्हणतो.

ही ग्रंथातली चूक नव्हे. नागरकाला गोष्ठीची फुरसत होती, ती हिनं पाणी भरलं म्हणून. समीक्षक मात्र ही पानं उलटून पुढं जातात. पुढच्या व्याख्यानात कुणी गोडवे गायला लागला, की उभं राहा आणि हा दहावा अध्याय मोठ्यानं वाचायला लावा.