पडद्याआडची चाचणी आणि वाद्यवृंदाची संचालिका

क्लॉडिया गोल्डिन व सेसिलिया राउस यांचा २००० साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध झालेला निबंध ज्यांनी वाचला नाही, त्यांच्याही कानांवर त्याचे तात्पर्य आलेले असते. उमेदवार पडद्याआडून वाजवू लागले आणि अमेरिकन वाद्यवृंदांत स्त्रियांचा प्रवेश वाढला, हे ते तात्पर्य. पादत्राणांच्या आवाजावरून स्त्री-पुरुषभेद कळू नये म्हणून काही ठिकाणी गालिचाही अंथरीत. नोकरभरतीच्या धोरणाविषयीच्या चर्चेत हा दाखला वारंवार पुढे केला जातो.

मूळ निबंध याहून बराच सावध आहे. पाच अग्रगण्य वाद्यवृंदांत १९७० साली स्त्रियांचे प्रमाण शेकडा ५ हून कमी होते, ते निबंधकाळापर्यंत शेकडा २५ वर गेले, हे निर्विवाद. परंतु त्यात पडद्याचा वाटा किती? प्राथमिक फेरीतून स्त्री पुढे जाण्याची शक्यता पडद्यामुळे शेकडा ५० ने वाढते, असे एक अनुमान. उपान्त्य फेरीत मात्र फल उलट दिसते. शिवाय काही अनुमाने सांख्यिकीच्या रूढ कसोटीस उतरत नाहीत, हे लेखिकांनी स्वतःच नमूद केले आहे. धोरणाच्या चर्चेत आकडा तेवढा आला, शंका मागे राहिली. हा दोष लेखिकांचा नव्हे.

आमचा मुख्य आक्षेप या दाखल्याच्या विनियोगास आहे. वादकाचे काम नुसते ऐकून पारखता येते. संचालकाचे येत नाही. हात, दृष्टी, उभे राहण्याची ढब हेच त्याचे साधन, आणि वादकांना तो दिसलाच पाहिजे. तेथे पडदा संभवत नाही. अँटोनिया ब्रिको यांनी १९३० सालीच बर्लिन फिलहार्मोनिकचे संचालन केले होते. तरी अमेरिकेतील एखाद्या मोठ्या वाद्यवृंदाची धुरा स्त्रीकडे येण्यास २००७ साल उजाडावे लागले. त्या बाल्टिमोरच्या मॅरिन ऑल्सॉप. २००५ साली त्यांची निवड होत असता शोध आणखी चालू ठेवावा, असे तेथील वादकांनी जाहीरपणे म्हटले. हा विरोध स्त्रीत्वामुळेच होता असे सिद्ध करता येत नाही, आणि तसे नव्हते हेही सिद्ध करता येत नाही. कारण तुलनेस दुसरे उदाहरणच नव्हते. अटलांटा येथे नाताली स्टुत्समान यांची कारकीर्द सुरू झाली ती २०२२ साली. इतक्या तुटपुंज्या उदाहरणांवर कोणते सांख्यिकीय अनुमान उभे राहणार? मोजता येण्याजोगी गोष्ट अलीकडे आहे: पाहुणे संचालक म्हणून कोणाला, किती वेळा आणि कोणत्या कृतींसाठी बोलावले गेले. त्याची नोंद जुन्या कार्यक्रमपत्रिकांत पडून आहे.