बांध, जाते आणि जिन्याखालचा ड्रम

लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडचा चौथा अल्बम ८ नोव्हेंबर १९७१ रोजी निघाला. त्याला नाव नाही. मुखपृष्ठावर बँडचेही नाव नाही. पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला, वाकलेला एक म्हातारा तेवढा आहे. हा म्हातारा कोण, हे अर्धशतक कोणी सांगू शकले नव्हते. २०२३मध्ये मूळ छायाचित्र सापडले, तेव्हा तो विल्टशरमधला घरे शाकारणारा लॉट लाँग असावा असे पुढे आले. अल्बममध्ये आठ गाणी आहेत आणि त्यांवरच्या लेखनाचा मोठा वाटा एकट्या ‘स्टेअरवे टू हेवन’ने खाल्ला आहे. ते गाणे उत्तम बांधलेले आहे, पण बांधणी जरा जास्तच दिसते. अल्बमचे खरे वजन शेवटच्या गाण्यात, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मध्ये आहे. माजलगावकराला त्याचा विषय समजावून सांगावा लागत नाही.

लेव्ही म्हणजे नदीकाठचा मातीचा लांबलचक बांध. २१ एप्रिल १९२७ रोजी मिसिसिपी नदीवरचा असा बांध ग्रीनव्हिलच्या वरच्या अंगाला फुटला. त्या वर्षीच्या पुराने बीडएवढे सहा जिल्हे मावतील इतका मुलूख पाण्याखाली घेतला आणि सहा लाखांहून अधिक माणसे बेघर केली. बांधावर वाळूची पोती रचायला काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकाने जुंपले होते, आणि पूर आल्यावर छावण्यांतूनही त्यांना निघू दिले जात नव्हते. ही माणसे बटाईने कापूस पिकवणारी. मालकाच्या दुकानातून उधारीवर दाणे घ्यायचे आणि हंगामाअखेर हिशेब मालकानेच सांगायचा. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे कोयता उचलणाऱ्या आपल्या टोळ्यांना हा हिशेब पाठ आहे. पुरानंतर हजारोंनी तो प्रदेश सोडून उत्तरेची वाट धरली.

दोन वर्षांनी, १९२९मध्ये, कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्याने हे गाणे ध्वनिमुद्रित केले. आवाज त्याचा, पण गाणे पुढे नेते ती तिची गिटार. ऐकणारा पहिल्यांदा चकित होतो तो तिच्या हलकेपणाने. आक्रोश कुठेच नाही. पायांना चाल देणारी, जवळजवळ प्रसन्न अशी लय आहे. गाठोडे डोक्यावर घेतलेला माणूस चालता चालता स्वतःशी बोलावा तसे ते गाणे आहे.

झेपेलिनने नेमकी ही चाल काढून घेतली. हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत त्यांनी फिरता स्टुडिओ आणून लावला. जॉन बोनमचा ड्रम जिन्याच्या तळाशी ठेवला आणि ध्वनितंत्रज्ञ अँडी जॉन्सने दोन मायक्रोफोन वर, जिन्यात टांगले. त्यामुळे ठोक्याबरोबर त्या उंच पोकळीचा घुमारही फितीवर उतरला. मग ती फीत मूळ वेगापेक्षा संथ चालवली, आणि सगळे स्वर खाली दबले. (जात्यात दाणा जास्त पडला की खुंटा जड होतो आणि बाईचा सूर आपोआप खाली बसतो, तसेच काहीसे.) त्यावर रॉबर्ट प्लांटचा हार्मोनिका आणि जिमी पेजची गिटार यांचे थर चढत जातात. ड्रम सात मिनिटे एकाच जागी आदळत राहतो.

परिणाम विलक्षण आहे, पण झाले काय हेही पाहिले पाहिजे. मॅकॉयच्या गाण्यात माणूस होता. इथे पाणी आहे. १९२९च्या गाण्यात उद्या कुठे जायचे हा प्रश्न आहे. १९७१च्या गाण्यात तो बुडून जातो. बँडने पुराला आवाज दिला, पूरग्रस्ताचा काढून घेतला. तरीही ही उचलेगिरी नाही, असे माझे मत आहे. उचलेगिरी ‘होल लॉटा लव्ह’मध्ये होती, विली डिक्सनला त्यासाठी १९८५मध्ये दावा लावावा लागला, मग तडजोड झाली आणि त्याला श्रेय मिळाले. इथे मेम्फिस मिनीचे नाव सुरुवातीपासून आहे. राहिले ते ज्याने गायले त्याचे. मॅकॉय १९५०मध्येच वारला होता.

याच अल्बममधल्या ‘फोर स्टिक्स’ला मुंबईचा एक जोडधागा आहे. बोनमने ते दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवले, म्हणून हे नाव. १९७२मध्ये पेज आणि प्लांट यांनी मुंबईत विजय राघव राव यांच्या संचालनाखाली, इथल्या वादकांना घेऊन ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले. पाच आणि सहा मात्रांमध्ये हेलकावणारी ती लय तबल्यावर जास्त मोकळी होते. हे मुद्रण २०१५पर्यंत अधिकृतपणे निघालेच नाही. त्याच १९७२ साली बीड जिल्ह्यातली माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, मिलोची भाकरी खात होती. सिंदफणेवरचे माजलगाव धरण नंतरचे. ते जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातले. त्याने पाणी आणले, गावे उठवली, ऊस आणला. उसाच्या शिवारातूनच लोक दुसरीकडचा ऊस तोडायला जातात, ही विसंगती कोणत्याही ब्लूजला शोभेल.

आपल्याकडे ब्लूजच्या जागी काय आहे, असा प्रश्न नेहमी येतो आणि उत्तरादाखल लावणीकडे बोट दाखवले जाते. ते मला पटत नाही. लावणीला समोर श्रोता लागतो. ब्लूजच्या जवळची आहे ती जात्यावरची ओवी: कष्टाच्या लयीतून आलेली, दोन ओळींत संपणारी, पुन्हा त्याच सुरावर परतणारी. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पाने अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यांत आहेत. दुःख आणि ताठ मान एकाच दमात, हा मिसिसिपीकडचा गुण तिथे जसाच्या तसा भेटतो.

झेपेलिनचा हा अल्बम निघाला तेव्हा मेम्फिस मिनी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली होती. १९७३मध्ये ती गेली. तिच्या कबरीवर नावाचा दगड बसायला १९९६ साल उजाडले. त्याचा खर्च गायिका बॉनी रेटने केला. भीमनगरातल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रणही १९९६चेच. तिथे ओवीशेजारी गाणारीचे नाव आणि गाव लिहून ठेवलेले आहे.