'आनंदघन' : एका टोपणनावाचे संगीत आणि त्याचा वारसा

प्रस्तावना

चित्रपटसंगीतावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र त्यातील मोठा भाग आठवणी, मुलाखती आणि गौरवलेख या स्वरूपाचा आहे. अशा लेखनात गायक अग्रभागी असतो, संगीतकार त्याच्या मागे उभा असतो आणि प्रत्यक्ष चालीची चिकित्सा क्वचितच आढळते. लता मंगेशकर (१९२९-२०२२) यांनी 'आनंदघन' या नावाने मराठी चित्रपटांना दिलेले संगीत हे या स्थितीचे ठळक उदाहरण होय. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनातील प्रश्नमंजूषेत 'आनंदघन म्हणजे कोण?' हा प्रश्न वारंवार विचारला जातो. उत्तर मिळते, टाळ्या पडतात आणि सूत्रसंचालक पुढच्या प्रश्नाकडे वळतो. चित्रपटसंगीतावरील लेखनातही बहुधा हेच घडते. 'आनंदघन' ही लताबाईंच्या चरित्रातील एक रंजक नोंद ठरते. संगीतकार म्हणून त्यांचा विचार होत नाही.

प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. पार्श्वगायिकेचे नाव प्रतिष्ठित करण्यासाठी ज्यांनी आयुष्यभर आग्रह धरला, त्यांनी संगीतकार म्हणून आपले नाव का झाकले? आणि त्या झाकण्याचा त्यांच्या सांगीतिक वारशावर काय परिणाम झाला?

१. नाव, तबकडी आणि पार्श्वगायिका

लताबाईंच्या संदर्भात नावाचा प्रश्न मुळातच महत्त्वाचा आहे. वडील मास्टर दीनानाथ यांचे १९४२ मध्ये निधन झाले, तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. त्यानंतर मास्टर विनायक यांच्या कंपनीत छोट्या भूमिका आणि गाणी करीत त्यांचा चित्रपटव्यवसायात प्रवेश झाला. संगीत नाटकात गाणारा नट प्रेक्षकांसमोर उभा असे, त्यामुळे आवाज कोणाचा हा प्रश्नच उद्भवत नव्हता. पार्श्वगायनाने मात्र आवाज आणि चेहरा यांची फारकत केली. 'महल' (१९४९) या चित्रपटातील खेमचंद प्रकाश यांच्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले गेले होते. श्रोत्यांकडून विचारणा होऊ लागली आणि खऱ्या गायिकेचे नाव पुढे आले. त्याच वर्षीच्या 'बरसात'पासून पार्श्वगायिकेचे नाव तबकडीवर छापण्याची पद्धत रुळू लागली.

पुढील दोन दशकांत लताबाईंनी हा प्रश्न सातत्याने लावून धरला. फिल्मफेअर पुरस्कारांत संगीतकारासाठी विभाग होता, पार्श्वगायकासाठी नव्हता. लताबाईंनी याविषयी आपली नाराजी स्पष्टपणे व्यक्त केली. हा विभाग सुरू झाल्यावर १९५९ मध्ये 'मधुमती'तील गाण्यासाठी पहिला पुरस्कार त्यांनाच मिळाला. साठीच्या दशकात गायकांना तबकड्यांच्या विक्रीतून मानधनाचा वाटा मिळावा अशी मागणी त्यांनी केली. महंमद रफी यांचे मत वेगळे होते. या मतभेदामुळे काही वर्षे दोघांची युगुलगीते थांबली. नाव आणि मोबदला हे दोन्ही कलावंताचे हक्क आहेत, ही त्यांची भूमिका यातून दिसून येते. नेमक्या याच काळात, म्हणजे १९६३ ते १९६९ या वर्षांत, 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' आणि 'तांबडी माती' या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून त्यांचे नाव नाही. तेथे 'आनंदघन' हे नाव आहे.

२. टोपणनावांची कारणे

चित्रपटसंगीतात टोपणनाव ही अपवादात्मक गोष्ट नव्हे. त्यामागील कारणे मात्र भिन्न आहेत. बॉम्बे टॉकीजच्या 'अछूत कन्या' (१९३६) या चित्रपटाच्या संगीतकार सरस्वतीदेवी यांचे मूळ नाव खुर्शीद मिनोचर-होमजी होते. पारशी समाजातील स्त्रीने चित्रपटात काम करणे तेव्हा समाजाला मान्य नव्हते, म्हणून त्यांना नाव बदलावे लागले. वासुदेव भाटकर एचएमव्हीच्या नोकरीत होते. बाहेरच्या चित्रपटांना संगीत देण्यात या नोकरीची अडचण होती, म्हणून मुलीच्या नावावरून त्यांनी 'स्नेहल' हे नाव घेतले आणि तेच कायमचे झाले. रामचंद्र नरहर चितळकर संगीतकार म्हणून 'सी. रामचंद्र' होते आणि गायक म्हणून 'चितळकर'. एकाच माणसाच्या दोन भूमिका वेगळ्या ठेवण्याची ती व्यवस्था होती.

सरस्वतीदेवींच्या बाबतीत समाज, भाटकरांच्या बाबतीत नोकरी आणि चितळकरांच्या बाबतीत कामाची विभागणी अशी ही कारणे आहेत. 'आनंदघन' यांपैकी कोणत्याही प्रकारात पूर्णपणे बसत नाही. लताबाईंवर समाजाचे वा नोकरीचे तसे बंधन नव्हते. शिवाय 'राम राम पाव्हणं' या चित्रपटाला त्यांनी त्यापूर्वी स्वतःच्या नावानेच संगीत दिले होते. सामान्यतः सांगितले जाणारे कारण असे की, चित्रपटाचे संगीत लोकांना आवडले नाही तर गायिका म्हणून मिळालेल्या लौकिकाला बाधा येऊ नये. हे कारण खरे मानले तरी ते पुरेसे वाटत नाही. त्याला आणखी एक बाजू आहे. संगीत आवडले, तर ते लता मंगेशकरांचे म्हणून आवडले की चांगले म्हणून आवडले, हे स्वनामाने कळण्याचा मार्ग नव्हता. टोपणनावामुळे अपयशापासून संरक्षण मिळत होते, त्याचबरोबर यशाची शहानिशाही होत होती.

येथे भालजींच्या सहवासाचाही विचार करावा लागतो. भालजी स्वतः 'योगेश' या नावाने गीते लिहीत. त्यामुळे 'अखेरचा हा तुला दंडवत' या गाण्याच्या बाबतीत मोठा विलक्षण प्रकार घडला आहे. गीतकार 'योगेश', संगीतकार 'आनंदघन' आणि गायिका लता मंगेशकर. तीन श्रेयांपैकी केवळ गायिकेचे नाव खरे आहे. ज्या व्यवसायात एकेकाळी गायिकेचेच नाव झाकले जात होते, तेथे कवी आणि संगीतकार यांनी स्वेच्छेने मागे उभे राहणे पसंत केले. मराठी काव्यपरंपरेत केशवसुतांपासून कुसुमाग्रजांपर्यंत टोपणनाव ही सन्मानाची गोष्ट आहे. कोल्हापूरच्या या वर्तुळातील नाव झाकण्याची वृत्ती त्या परंपरेला अधिक जवळची वाटते.

३. 'आनंदघन' यांच्या चाली

या चालींचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा संयम. लताबाईंच्या आवाजाचा पल्ला, तार सप्तकातील सहजता आणि बारीक हरकती यांचा हिंदी संगीतकारांनी भरपूर उपयोग करून घेतला. स्वतः संगीतकार झाल्यावर त्यांनी स्वतःच्या गळ्यासाठी अधिक अवघड चाली बांधल्या असत्या, तर ते स्वाभाविक ठरले असते. प्रत्यक्षात उलट घडलेले दिसते. 'साधी माणसं' (१९६५) ही लोहार दांपत्याची कथा आहे. त्यातील जगदीश खेबुडकरांचे 'ऐरणीच्या देवा' हे गीत प्रार्थना आहे आणि श्रमगीतही आहे. प्रार्थनेची चाल संथ करण्याचा मोह कोणालाही झाला असता. येथे चालीने घणाच्या ठेक्याची संगत सोडलेली नाही. स्वरवाक्ये आखूड आहेत, काम करणाऱ्या माणसाच्या श्वासाला पेलणारी आहेत. त्यांत लांब आलाप नाहीत, ताना नाहीत. हे गाणे भट्टीपाशी बसलेली बाई म्हणते, याचे भान चालीने शेवटपर्यंत राखले आहे.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे प्रसंगानुरूप विविधता. 'बाई बाई मनमोराचा' या गीतातील अल्लडपणा आणि 'अखेरचा हा तुला दंडवत'मधील निरोपाची व्यथा ही दोन टोके आहेत. निरोपाच्या गाण्यात हुंदक्यांचा वापर सहज करता आला असता. तेथे दुःख स्वरांच्या ठेवणीतून व्यक्त होते, आवाजाच्या कंपातून नव्हे. ग्रामीण वळण या सर्व चालींना आहे. परंतु तयार लोकगीत उचलून त्यावर शब्द बसवल्यासारखे ते वाटत नाही.

तिसरे वैशिष्ट्य तुलनेने स्पष्ट होते. हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींत अनपेक्षित स्वरांवर उडी, वळणावळणाची बांधणी आणि गायकाची कसोटी पाहणारी रचना आढळते. एकाच घरात, एकाच संस्कारात वाढलेल्या या दोन संगीतकारांच्या वाटा वेगळ्या आहेत. हृदयनाथांची चाल ऐकणाऱ्याला थांबवते आणि विचार करायला लावते. 'आनंदघन' यांची चाल ऐकणाऱ्याच्या तोंडी बसते. शाळेच्या संमेलनात किंवा स्त्रियांच्या भिशीच्या कार्यक्रमात ही गाणी आजही सामान्य गळ्यातून म्हटली जातात, याचे कारण त्यांच्या बांधणीत आहे.

४. एक आक्षेप

येथे असा आक्षेप संभवतो की, ही गाणी टिकली ती लताबाईंच्या आवाजामुळे. त्यांतून संगीतकाराचे श्रेय वेगळे कसे काढणार? हा आक्षेप गंभीर आहे आणि तो पूर्णपणे नाकारता येणार नाही. तथापि त्याची दोन उत्तरे देता येतात. पहिले असे की, 'आनंदघन' यांची सर्व गाणी लताबाईंनी गायिलेली नाहीत. 'मराठा तितुका मेळवावा' या चित्रपटातील शांता शेळके यांचे 'शूर आम्ही सरदार' हे गीत हृदयनाथांनी गायिले आहे आणि ते तितक्याच जोमाने टिकून आहे. दुसरे उत्तर परीक्षणाचे आहे. महाराष्ट्र शासनाच्या चित्रपट पुरस्कारांत 'साधी माणसं'च्या संगीताची निवड झाली तेव्हा पुरस्कार 'आनंदघन' या नावाने जाहीर झाला, आणि हे नाव कोणाचे हा उलगडा समारंभातच झाला. ध्वनिमुद्रणाला बसलेल्या वादकांना ते आधीच ठाऊक असणार. तरीही सन्मान एका वेगळ्या नावाने स्वतंत्रपणे नोंदला गेला, हे महत्त्वाचे आहे.

विरोधाभास असा की, या उलगड्यानंतर टोपणनावाचे काम संपले. 'आनंदघन' म्हणजे लताबाई हे कळताच चर्चा पुन्हा गायिकेकडे वळली. त्यानंतर गायिलेल्या गाण्यांच्या संख्येची मोजदाद, विक्रमांचे दावे आणि प्रतिदावे यांनी लताबाईंविषयीच्या लेखनाची पाने भरली. बांधलेल्या चालींची संख्या लहान होती, म्हणून ती गणतीत आली नाही. उषा खन्ना यांनी 'दिल देके देखो' (१९५९) पासून स्वतःच्या नावाने हिंदी चित्रपटांना संगीत दिले, तरीही स्त्री-संगीतकार हा विषय आपल्या अभ्यासात तळटीपेपुरताच राहिला आहे. स्त्रीने गावे हे समाजाने स्वीकारले. वादकांसमोर उभे राहून चाल सांगणारी आणि वाद्यमेळ ठरवणारी स्त्री मात्र अपवाद मानली गेली. 'आनंदघन' हे नाव कोणत्याही लिंगाचा निर्देश करीत नाही, ही बाब या संदर्भात नजरेआड करता येत नाही. तो हेतू होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परिणाम मात्र तसा झाला.

५. नाव आणि हक्क

नावाचा प्रश्न केवळ कीर्तीचा नाही, तो कायद्याचाही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीतकृतीचा कर्ता संगीतकार असतो. टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीचे संरक्षण प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालते. मात्र त्या मुदतीत कर्त्याची ओळख उघड झाल्यास ही गणना कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे अशी होते. ओळख उघड झाली नसती तर 'साधी माणसं'मधील चालींची मुदत २०२५ अखेर संपली असती. ती उघड झाल्याने २०८२ अखेरपर्यंत वाढते. चित्रपटातील संगीताचे आर्थिक हक्क दीर्घकाळ निर्मात्याकडे राहिले. १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ती स्थिती पक्की केली आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा सुरक्षित केला. त्याच दुरुस्तीने गायकांचे हक्कही बळकट झाले. गायकांच्या वाट्यासाठी लताबाईंनी साठीच्या दशकात मांडलेली भूमिका अर्धशतकानंतर कायद्यात काही अंशी उतरली, असे म्हणता येईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) 'आनंदघन' हे टोपणनाव केवळ अपयशाच्या भीतीतून आलेले नाही. प्रस्थापित नावाच्या वजनाशिवाय आपल्या चालींचे मूल्यमापन व्हावे, ही शक्यता त्यातून निर्माण झाली.

२) या चालींना स्वतःची शैली आहे. संयम, प्रसंगनिष्ठा आणि सामान्य गळ्याला पेलणारी बांधणी ही तिची लक्षणे होत. ही शैली लताबाईंनी हिंदीत गायिलेल्या गाण्यांपेक्षा आणि हृदयनाथांच्या चालींपेक्षा वेगळी आहे.

३) ओळख उघड झाल्यावर गायिकेच्या कीर्तीने संगीतकाराला झाकून टाकले. त्यास गायककेंद्री इतिहासलेखन मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे.

लता मंगेशकर यांच्या निधनानंतर त्यांच्यावर असंख्य लेख आले. त्यांतील फार थोड्या लेखांत 'आनंदघन' यांच्या एखाद्या चालीचा सविस्तर विचार होता. पाच-सहा वर्षांतील मोजकी गाणी हा लहान ऐवज आहे हे मान्य केले, तरी तेवढ्या ऐवजावर मराठीत अनेक कवींचा गंभीर अभ्यास झालेला आहे. मराठी विभाग आणि संगीत विभाग यांनी एकत्र येऊन या चालींचे स्वरलेखन व विश्लेषण विद्यार्थ्यांकडून करून घेतले, तर प्रश्नमंजूषेतल्या त्या उत्तरानंतर पुढे काय, हे सांगण्याची सोय होईल.