४०००७० ते ४३१४०१

'गली बॉय' २०१९ला आला, तेव्हा मी परभणीत मित्रांसोबत शिट्ट्या मारत पाहिला. परवा मोबाइलवर एकट्याने पाहिला आणि खटकला.

सिनेमा डिव्हाइन आणि नेझीच्या आयुष्यावरून सुचलेला. डिव्हाइन अंधेरीच्या जे. बी. नगरचा, नेझी कुर्ल्याचा. रॅपर आधी आपला पत्ता सांगतो. डिव्हाइनचा '५९' म्हणजे ४०००५९. नेझीवरच्या माहितीपटाचं नावच 'बॉम्बे ७०', कारण कुर्ल्याचा पिनकोड ४०००७०. झोया अख्तरने मात्र रणवीरच्या मुरादला धारावीत नेलं. धारावी लोकांनी पडद्यावर आधीच पाहिलेली. एमिनेमच्या 'एट माइल'ला तर डेट्रॉइटच्या रस्त्याचंच नाव आहे.

दुसरी गोष्ट जास्त लागली. नेझीने 'आफत' आयपॅडवर रेकॉर्ड केलं, व्हिडिओही त्यावरच शूट केला. हे कळलं तेव्हा आम्ही हॉस्टेलवर फोनसमोर बसून मराठीत यमकं जुळवायला लागलो होतो. स्टुडिओ लागत नाही, ओळख लागत नाही, एवढंच कळलं होतं. सिनेमात मात्र मुरादला बाहेरून शिकून आलेली स्काय भेटते आणि मग झकास व्हिडिओ बनतो.

रणवीर भारीच आहे, गाणी आजही ऐकतो. पण स्काय आमच्याकडे कधी येणार? आयपॅडवाला पोरगा आम्हाला जवळचा होता. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या आमच्या गावालाही पिनकोड आहे, ४३१४०१. त्यावर अजून नीट गाणं व्हायचंय.